रेबीजची लस आणि सीरम: एका चाव्याला दोन इंजेक्शनं कशाला?

रंकाळ्यावर भाच्याच्या पोटरीला कुत्रं चावलं. चार दातांच्या खुणा, रक्त. ताई हळद घेऊन धावली, तिला थांबवलं. पंधरा मिनिटं नळाखाली साबणानं जखम धुतली आणि दवाखाना गाठला. दोन इंजेक्शनं बघून पोरगं म्हणालं, "मामा, एकच बास की!"

बास नाही. सीरम म्हणजे बाहेरून आणलेली तयार अँटिबॉडीजची, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या प्रथिनांची कुमक. ते जखमेतच, दातांच्या खुणांभोवती टोचतात. दुखतं, चांगलंच दुखतं. विषाणूला तिथंच अडवतं, पण काही आठवड्यांत ओसरतं आणि शरीर त्यातून काहीच शिकत नाही.

लस दंडात, 0, 3, 7, 14 आणि 28व्या दिवशी. निष्क्रिय विषाणू दाखवून बी-पेशींना, म्हणजे अँटिबॉडीज बनवणाऱ्या आपल्याच पेशींना, तालमीत घालायचं. पैलवान काय एका दिवसात घडतो? इथंही पुरेशा अँटिबॉडीज यायला सात ते चौदा दिवस जातात. मधली ही फट सीरमनं बुजवायची. मात्र या तालमीतून घडलेल्या स्मृतिपेशी विषाणूची ओळख वर्षानुवर्षं जपतात, म्हणून माझा जीव लशीवर. पूर्ण कोर्स झालेल्याला पुन्हा चावलं तर सीरम नकोच, लशीचे दोन डोस पुरतात.

आणि पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की सीरम देत नाहीत. तोवर आपली पोरं आखाड्यात उतरलेली असतात.