ॲक्रिलिकच्या टाकीची कॅनॉपी: काठावर ठेवायची की खांबांवर उभारायची?

माझी माशांची टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. १२ मिमीचं ॲक्रिलिक, वर चारी बाजूंनी ३ इंची ब्रेस, म्हणजे भिंती फुगू नयेत म्हणून काठावर आडवी चिकटवलेली, आतल्या बाजूला येणारी ॲक्रिलिकची पट्टी. तिच्यावर पहिली तीन वर्षं मरीन प्लायची, थेट काठावर बसणारी कॅनॉपी, म्हणजे लाइट आणि पंखे झाकणारी वरची पेटी होती. आता आहे ती स्टँडच्या मागच्या दोन खांबांवर उभी आहे आणि टाकीला कुठेच टेकत नाही.

१८ मिमी प्लायची ८ बाय ४ ची शीट साधारण ३५ किलोची, म्हणजे चौरस फुटाला किलोपेक्षा थोडं जास्तच. मागची बाजू उघडी ठेवून फूटभर उंचीची कॅनॉपी केली तरी १३ चौरस फूट प्लाय लागतो. सनमायका, बिजागऱ्या, लाइट, पंखे धरून माझी १९ किलो भरली. काठोकाठ भरली तर टाकीत ३४० लिटर पाणी मावतं, त्यापुढे १९ किलो ते काय, असं सुतार म्हणाला आणि मलाही ते पटलं. पण पाण्याचं वजन तळावर, म्हणजे स्टँडवर जातं. कॅनॉपीचं वजन उतरतं भिंतींवर, आणि त्या भिंतींना पाणी आधीच बाहेर ढकलत असतं. शिवाय ॲक्रिलिक काचेपेक्षा वीसपटीहून जास्त लवचीक आहे. सतत भार राहिला तर ते हळूहळू वाकत जातं आणि भार काढल्यावर पूर्ण सरळ होतंच असं नाही. म्हणून काचेच्या टाकीवर वर्षानुवर्षं बसलेली कॅनॉपी पाहून अंदाज बांधू नये.

वजन कुठे टेकतं, हेही तितकंच महत्त्वाचं. काठावर टेकायला सुताराने कॅनॉपीच्या आतून दीड इंची पट्टी मारली होती. टाकीची भिंत अर्ध्या इंचाची, म्हणजे उरलेली एक इंच पट्टी ब्रेसच्या अधांतरी भागावर बसायची. पट्टी भिंतीच्या जाडीएवढीच ठेवून खाली पातळ फोम लावला असता तर तेच १९ किलो टाकीला बरेच सुसह्य झाले असते, असं मला वाटतं.

तरीही मी ती वजनासाठी बदलली नाही. बदलली ती रविवारच्या साफसफाईपायी. पुढच्या झडपेतून हात जायचा, पण मागच्या कोपऱ्यातली झाडं छाटायची, पाइप धुवायचा, तर अख्खी कॅनॉपी उतरवावी लागे. बायको एका टोकाला, मी दुसऱ्या. उतरवताना फारसं काही नाही, पण परत ठेवताना दोघांचे हात एकाच वेळी खाली येतील याची खात्री नसते. एक कोपरा आधी टेकतो आणि क्षणभर जवळजवळ सगळा भार त्या एका जागी येतो, तोही धक्क्याने. तिसऱ्या पावसाळ्यात उजव्या कोपऱ्यात, ब्रेसच्या जोडाजवळ केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या. त्याला दुसरंही कारण असू शकेल, पण कॅनॉपी नेहमी टेकायची तो कोपरा हाच. त्यानंतर ती वर ठेवताना दर वेळी छातीत धस्स व्हायचं. एकदा ती बाल्कनीत ठेवली ती परत आणलीच नाही.

नवी केली ती फॅब्रिकेटरकडून. मागे दोन चौकोनी पाइप स्टँडला बोल्टने कसलेले, वर ॲल्युमिनियमची चौकट आणि एसीपी शीट (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली). पुढे झुकू नये म्हणून पाइपांची वरची टोकं खोलीच्या भिंतीलाही पकडली आहेत. पुढची बाजू वर उचलली की टाकी चारी बाजूंनी मोकळी होते, आणि काम एकट्याने होतं. वजन किती, हा प्रश्न आता टाकीचा नाही, खांबांचा आहे, आणि लोखंडाला ते झेपतं.

तिच्यातही उणिवा आहेत. खर्च प्लायपेक्षा जास्त आला. भिंतीला भोकं पाडावी लागली, भाड्याच्या घरात ते जमेलच असं नाही. टाकी आणि कॅनॉपीमधल्या फटीतून उजेड डोळ्यांवर येत होता. मग पुढची पट्टी काठाच्या खाली इंचभर उतरवून घेतली, न टेकता. उड्या मारणारे मासे असतील तर वर जाळी हवीच. तिथे ॲक्रिलिकचं झाकण टाकू नये, खालच्या ओलाव्याने ते वाकतं. आणि दिसायला प्लायची कॅनॉपी घरातल्या फर्निचरशी जास्त जुळत होती, हेही खरं.

काठावरच ठेवायची असेल तर प्लायऐवजी एसीपीची करावी. माझ्या मापात ती लाइटसकट ८ किलोच्या आत बसते, आणि १२ मिमीच्या चार फुटी टाकीवर मी स्वतः त्यापुढे जाणार नाही. सगळ्या टाक्यांना लागू होईल असा एक आकडा नसतो. शीटची जाडी, ब्रेसची रुंदी, टाकीची भिंत किती फुगते, यावर ते ठरतं. टाकी बनवणाऱ्याला विचारताना नुसते किलो विचारू नका, ब्रेसच्या आतल्या कडेवर भार चालेल का, तेही विचारा. आणि घरी स्टँड लोखंडी असेल, भिंतीत दोन भोकं पाडायची मुभा असेल, तर खांबांचा खर्च मी पुन्हा करेन.