रिसोट्टोची अठरा मिनिटे : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या शनिवारी मागणी नोंदवल्यापासून आठव्या मिनिटाला रिसोट्टो, म्हणजे ढवळत शिजवलेला दाटसर इटालियन भात, टेबलावर आला, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे. गेल्या आठ महिन्यांत या महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये मी अकरा वेळा जेवले, त्यांपैकी सात वेळा केशराचा मिलानी रिसोट्टोच मागवला. त्यामुळे तिथल्या इतर पदार्थांपेक्षा या एका पदार्थाबद्दल मी अधिक खात्रीने बोलू शकते.

पहिल्या भेटीत माझी तक्रार नेमकी उलटी होती. पंचवीस मिनिटे ताटकळल्यावर मी वैतागून विचारले, तेव्हा वाढणाऱ्याने शांतपणे सांगितले की मागणी आल्याशिवाय तांदूळ परतायलाच घेत नाहीत. मला ती सबब वाटली. तिसऱ्या भेटीपर्यंत मात्र माझे मत पूर्ण बदलले होते. कार्नारोली या इटालियन तांदळावर गरम स्टॉक, म्हणजे भाज्या किंवा मांस उकळून काढलेले पाणी, थोडाथोडा घालत ढवळत राहिले, की सोळा ते अठरा मिनिटांत दाण्याचा पिष्टांश सुटून रस दाट होतो आणि दाण्याच्या गाभ्यात किंचित कणी राहते. मग भांडे आचेवरून उतरवून त्यात थंड लोणी व पार्मिजानो चीज घोटतात. असा रिसोट्टो ताटलीत गोळा होऊन बसत नाही, ताटली हलवली की लाटेसारखा पसरतो. इथे तो तसाच मिळत होता, म्हणून ते जड बिल मी दर वेळी कुरकुर न करता भरले.

शनिवारचा रिसोट्टो चमच्याने ओढला तिथेच राहिला. दाणे बाहेरून फुटलेले होते, आणि दाटपणा तांदळाचा नसून क्रीमचा होता. तांदूळ आधी अर्धाअधिक शिजवून, तबकात पसरून गार करायचा आणि मागणी आल्यावर तो पुन्हा स्टॉकमध्ये गरम करायचा, ही पद्धत अनेक स्वयंपाकघरांत चालते, हे मला ठाऊक आहे. व्यवस्थापकांनी आधी ‘आमची कृती बदललेली नाही’ असे सांगितले. मी आठ मिनिटांचा हिशेब मांडल्यावर मुख्य आचारी स्वतः बाहेर आले आणि गर्दीच्या रात्री तांदूळ आधी शिजवून ठेवतो, हे त्यांनी सरळ मान्य केले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला. पण मेनूत तशी एक ओळही नाही, आणि गर्दीच्या दिवशी व एरवीही दर तोच. नुकसानभरपाई म्हणून देऊ केलेले तिरामिसू हे गोड पक्वान्न मी नाकारले, कारण मला रिसोट्टोचे पैसे कमी व्हायला हवे होते. ते झाले नाहीत.

बाकीच्या पदार्थांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते, की कार्बोनारा पास्ता इथे क्रीमशिवाय, केवळ अंड्याचा बलक, पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचे चीज), ग्वांचाले (डुकराच्या गालाचे खारवलेले मांस) आणि मिरी यांवर उभा असतो आणि एकदाही त्यात अंड्याच्या गुठळ्या झालेल्या नाहीत. काचो ए पेपे, म्हणजे चीज-मिरीचा पास्ता, तर गेल्या दोन महिन्यांत पहिल्यापेक्षा सुधारला आहे. चीज आणि पास्त्याचे पाणी आता इतके एकजीव होते, की शेवटच्या घासापर्यंत सॉस फाटत नाही. पाव चांगला आहे, मात्र त्याचे पैसे वेगळे लागतात. वाढणारी मंडळी जाणती आहेत.

तरीही दोघांनी जायचे असेल, तर रिसोट्टो सांगण्यापूर्वी ‘तांदूळ आत्ता टाकणार का?’ एवढे जरूर विचारा, आणि उत्तर नकारार्थी आले तर निःसंकोच पास्ता मागवा. त्या दरात गरम केलेला भात खाण्याचे कारण नाही. पुढच्या शनिवारचे माझे आरक्षण मी रद्द केले असून, ते मंगळवारी संध्याकाळी सातचे करून घेतले आहे.