लिहायचं कुठे? आधी तिथला आकडा तपासा

लेख तयार आहे, टाकू कुठे, असं कुणी विचारलं की 'जिथे वाचक जास्त तिथे' असं सांगून लोक मोकळे होतात. वाचक हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण लेखाखाली जो लोकप्रियतेचा आकडा दिसतो, तो हळूहळू लिहिणाऱ्याला वळण लावतो. म्हणून जागा निवडताना मी तीन गोष्टी बघतो: आकडा नेमकं काय मोजतो, तो कोणाला दिसतो आणि त्यावर पुढे काय ठरतं. पहिल्या दोन्हींशी जुळवून घेता येतं. खरी गोची तिसरीत असते.

मीडियम या लेखांच्या संकेतस्थळावर २०१७ साली लाइकच्या धर्तीवर 'टाळ्या' आल्या. एक वाचक एकाच लेखाला ५० पर्यंत टाळ्या देऊ शकतो; बटण दाबून धरलं की आकडा भराभर चढतो. त्यामुळे लेखाखाली १५० दिसले तर ते दीडशे वाचक असतील, नाहीतर हात सैल असलेले तीन मित्र. वरवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. त्यात सुरुवातीला लेखकांचं मानधनही टाळ्यांच्या प्रमाणात वाटलं जायचं. २०१९ मध्ये ते बदलून वाचनाला दिलेला वेळ धरला गेला, आणि २०२३ मध्ये टाळ्या, प्रतिसाद वगैरे पुन्हा हिशेबात आले. आपला आकडा काय सांगतो, याबद्दल चालवणाऱ्यांचंच मत इतक्या वेळा बदलत असेल तर आपण त्यावर जीव टाकण्यात अर्थ नाही. इंग्रजीत, त्यातही तांत्रिक विषयांवर लिहिणाऱ्याला मीडियम अजूनही बरं. मराठी लेख तिथे एकटा पडतो.

मराठी कथा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी येते ती प्रतिलिपी, म्हणजे कुणालाही कथा टाकता येणारं ॲप. वाचक भरपूर आणि दाद देणारे. इथे वाचनसंख्या, पाचपैकी तारे आणि समीक्षा, सगळं चारचौघांत दिसतं. आता गंमत बघा. मालिकेचा प्रत्येक भाग वेगळा वाचला जातो आणि वेगळा मोजला जातो. एका बैठकीत संपणारी नेटकी कथा आणि तीच चाळीस भागांत ताणलेली कथा यांत कुठल्या कथेचे आकडे फुगतील, हे सांगायला नको. मग प्रत्येक भागाच्या शेवटी दारावरची बेल वाजते आणि दार कोण उघडतं ते पुढच्या भागात कळतं. समीक्षांचं तर विचारूच नका: 'खूप छान 👌 माझीही कथा नक्की वाचा'. ही दाद नाही, आहेर आहे, आणि परतफेडीचा हिशेब ठेवावा लागतो. पाच तारे हा तिथला शिष्टाचार होऊन बसल्यामुळे चार तारे मिळालेला माणूस नाराज होतो. तरीही रोज थोडं थोडं लिहिण्याची शिस्त लागायची असेल आणि मालिका हाच तुमचा पिंड असेल, तर प्रतिलिपीइतकी जिवंत जागा सहजी मिळणार नाही.

आकडा आणि पैसा एकजीव केले तर काय होतं, ते बघायला स्टीमिट हे उत्तम उदाहरण आहे. २०१६ साली ब्लॉकचेनवर (बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांमागचं तंत्र) उभ्या राहिलेल्या या ठिकाणी वाचकांच्या मतांनुसार लेखकाला थेट आभासी नाणी मिळत. पण सगळी मतं सारखी नव्हती; ज्याच्याकडे गुंतवलेली नाणी जास्त, त्याचं मत जड. एका धनाढ्य खात्याने मत दिलं की लेखाची कमाई शंभर सामान्य वाचकांनी मिळूनही झाली नसती इतकी व्हायची, आणि त्यानेच विरोधी मत दिलं की ती पुसली जायची. साहजिकच मतं विकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, निघाले: पैसे भरा, मत घ्या. खातं उघडलं की २५ पासून सुरू होणारा 'रेप्युटेशन'चा आकडाही मतांवरच वाढायचा, म्हणजे पतही विकत. २०१९ मध्ये नियम बदलून हा धंदा आवरायचा प्रयत्न झाला. २०२० मध्ये मालकी बदलली, बरेच लोक फुटून निघाले आणि त्यांनी हाइव्ह ही तशीच दुसरी जागा सुरू केली. मताचं वजन नाण्यांवर ठरणं मात्र तिथेही कायम राहिलं. लिखाणासाठी जागा शोधणाऱ्याने या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे 'चांगलं असेल ते वर येतंच'. येतं का? सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच प्रश्नावर होता. १४,००० हून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला आणि हवी ती डाउनलोड करायला दिली. काहींना डाउनलोडचे आकडे दिसत नव्हते. बाकीच्यांचे आठ गट केले आणि त्यांना फक्त आपापल्या गटाचे आकडे दिसत होते. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, टाकाऊ सहसा वर आली नाहीत. पण मधली गाणी एका गटात डोक्यावर, तर दुसऱ्यात धुळीत. आपण बहुतेक जण त्या मधल्या पट्ट्यातच लिहितो. २०१३ च्या आणखी एका प्रयोगात एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना सुरुवातीलाच एक बनावट अनुकूल मत दिलं, तर त्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे पहिल्या तासात ग्रुपवर लिंक फिरवणारा जिंकतो. दुपारी लेख टाकून झोपणारा नाही.

सगळेच आकडे वाईट, असंही नाही. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या जुन्या संकेतस्थळावर प्रतिक्रियेचे गुण उणे १ ते ५ एवढ्यातच फिरतात. कितीही लोक खूश झाले तरी पाचच. सदस्यांच्या 'कर्मा'चा, म्हणजे तिथल्या पतीचा, आकडा लोक व्हिडिओ गेमसारखा खेळायला लागले, तेव्हा तो आकडाच काढून तिथे शब्द आणले. मराठीत 'ऐसी अक्षरे' या संकेतस्थळावर प्रतिसादाला मार्मिक, माहितीपूर्ण, खवचट अशा श्रेणी मिळतात. नुसत्या आकड्यापेक्षा 'खवचट' कितीतरी जास्त सांगून जातं! वादविवाद झेलू शकणारा लेख असेल तर अशी जागा मला पहिल्यांदा आठवते.

राहता राहिलं स्वतःचं घर, म्हणजे स्वतःचा ब्लॉग. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर भेटींचा आकडा फक्त तुम्हाला दिसतो, आणि वर्डप्रेसच्या लाइकचं बटण बंद करता येतं. (ब्लॉगर काढणाऱ्यांपैकी इव्हान विल्यम्स यांनीच पुढे मीडियम काढलं.) तोटा उघड आहे: आपण बोलावल्याशिवाय कुणी येत नाही. लेख वर्गणीदारांना ईमेलने पाठवणारं सबस्टॅक हा मधला मार्ग आहे. लाइक तिथेही दिसतात, पण वर्गणीदारांच्या ईमेलची यादी तुमची असते आणि सोडून जाताना ती बरोबर नेता येते. फक्त मराठी वाचक व्हॉट्सॲप जितक्या तत्परतेने उघडतो तितक्या तत्परतेने मेल उघडत नाही, हे धरून चाला.

तेव्हा मालिका लिहीत असाल तर प्रतिलिपी, पण पुढचे भाग आधी लिहून ठेवा. म्हणजे पहिल्या भागाच्या ताऱ्यांवर नायिकेचं लग्न ठरणार नाही. अभ्यासाचे, संदर्भ म्हणून वर्षानुवर्षं शोधले जाणारे लेख स्वतःच्या ब्लॉगवर, आणि त्यांची लिंक बाकी सगळीकडे. कुठलंही नवं ठिकाण असलं तर खातं उघडण्याआधी तिथलं मुखपृष्ठ लोकप्रियतेऐवजी तारखेप्रमाणे लावता येतं का, ते बघा. येत नसेल तर नवख्या लेखकाचा मागच्या आठवड्यातला लेख शोधून दाखवा. सापडला तर खुशाल नाव नोंदवा.