थायरॉइडच्या गाठीला आयोडीन लागू पडेनासं झालं, की गोळी घ्यावी की इम्युनोथेरपी?

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सतरा वर्षं स्लाइड बनवते आहे. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, चार मायक्रॉनचे काप काढायचे, रंग चढवायचा आणि ट्रे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. निदान डॉक्टर करतात, मी नाही. पण माझी आत्या थायरॉइडच्या कॅन्सरची रुग्ण आहे हे कळल्यापासून चाळीतली, नात्यातली माणसं फाइल घेऊन माझ्याकडेच येतात. अलीकडे सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "ताई, गोळ्यांपेक्षा ते इम्युनिटीचं इंजेक्शन चांगलं ना? आपल्याच पेशी लढतात म्हणे!"

थायरॉइडचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांवर हा प्रश्न येतच नाही. ऑपरेशन, गरज असेल तर रेडिओआयोडीन, म्हणजे उरलेल्या पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन, आणि रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची गोळी, एवढ्यावर माणसं वर्षानुवर्षं नीट जगतात. प्रश्न उरतो तो आजार फुप्फुसात किंवा हाडात गेला आहे आणि गाठी आयोडीन घेईनाशा झाल्या आहेत, अशा थोड्या जणांचा. तेव्हा समोर दोन वाटा येतात. एक वाट ग्रोथ फॅक्टरचा निरोप अडवणाऱ्या गोळ्यांची, दुसरी रोगप्रतिकारक पेशींना मोकळं करणाऱ्या इंजेक्शनांची. पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर, म्हणजे थायरॉइडच्या कॅन्सरचा नेहमी आढळणारा प्रकार असेल तर आज पहिली वाट गोळीचीच, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगते.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशीला "वाढ" असा निरोप देणारी प्रथिनं. त्यांच्या शोधाला 1986 साली नोबेल मिळालं. थायरॉइडच्या गाठीत व्हीईजीएफ या ग्रोथ फॅक्टरचं काम मोठं आहे. रक्त कमी पडलं की गाठ ते सोडते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना तिच्या दिशेने फांद्या फुटतात. लेनव्हॅटिनिब आणि सोराफेनिब या गोळ्या हा निरोप घेणारी दारं बंद करतात. एक गोष्ट रुग्णांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं: रोजची थायरॉक्सिनची गोळीही काही अंशी वाढीचा निरोप कमी करण्याचंच काम करते. टीएसएच हे थायरॉइडच्या पेशींना वाढवणारं हार्मोन आहे, आणि थायरॉक्सिनचा डोस थोडा चढा ठेवून ते दाबलं जातं. म्हणून ती गोळी चुकवू नका.

आता दुसरी वाट. आत्याची स्लाइड मी डॉक्टरांच्या परवानगीने पाहिली होती. गुलाबी फांद्यांसारखी पॅपिलरी रचना, आणि तिच्या कडेने मोहरी सांडावी तसे गडद निळे ठिपके. ते ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, रोगप्रतिकारक पेशी. मला तेव्हा धीर आला, कारण हाशिमोटो हा थायरॉइडचा आजार असलेल्या, म्हणजे ग्रंथीत आधीपासून अशा पेशी भरलेल्या रुग्णांत पॅपिलरी कॅन्सर बऱ्याचदा सौम्य वागतो, हे मला ठाऊक होतं. पण पेशी तिथे आहेत म्हणजे त्या आपल्याच बाजूने लढत आहेत, असं नाही. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी आक्रमक गाठीत शिरल्या की तिच्याच कामाला लागतात: व्हीईजीएफ सोडतात, जखम भरावी तशी गाठीची डागडुजी करतात. अ‍ॅनाप्लास्टिक हा थायरॉइडचा सर्वांत भयंकर प्रकार, त्यात गाठीचा फार मोठा भाग या मॅक्रोफेजनीच भरलेला असतो. उलट गाठीचं व्हीईजीएफ प्रतिकारक पेशींना नीट तयारच होऊ देत नाही. म्हणजे दोन्ही वाटा आतून जोडलेल्या आहेत.

पेम्ब्रोलिझुमॅबसारखं इंजेक्शन काय करतं? टी-पेशींवर, म्हणजे लिम्फोसाइटच्याच एका प्रकारावर, पीडी-1 नावाचा एक ब्रेक असतो, तो सोडवतं. प्रतिकारशक्तीचे असे ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करण्याच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं आणि मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांत त्याने खरोखर कायापालट केला. पण ब्रेक सोडायला गाडी सुरू तरी हवी. पॅपिलरी गाठीत जनुकीय बिघाड मोजकेच असतात, त्यामुळे टी-पेशींना "हे परकं आहे" असं वाटायला फारसं काही सापडत नाही.

आकडे हेच सांगतात. लेनव्हॅटिनिबची 392 रुग्णांवरची मोठी चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांत आजार पुन्हा वाढू लागण्यापर्यंतचा मध्यक काळ 18.3 महिने होता, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 3.6 महिने. शंभरातल्या सुमारे 65 जणांच्या गाठी ठळकपणे लहान झाल्या. सोराफेनिबच्या चाचणीत हाच काळ 10.8 विरुद्ध 5.8 महिने होता, आणि गाठी लहान होण्याचं प्रमाण शंभरात बाराच्या आसपास. पेम्ब्रोलिझुमॅब पॅपिलरी आणि फॉलिक्युलरच्या 22 रुग्णांना दिलं गेलं, त्यातल्या दोघांच्या गाठी लहान झाल्या. चाचणी छोटी आहे हे खरं, पण एवढ्या आधारावर मी माझ्या माणसाला पहिल्यांदा त्या वाटेने नेणार नाही.

गोळी सोपी असते असं मात्र समजू नका. आत्याची वही माझ्याकडे आहे. रोज सकाळ-संध्याकाळ बीपी लिहायचं. पाचव्या दिवशी 168/96. तिने आयुष्यात बीपीची गोळी घेतली नव्हती. नंतर तळपाय सोलवटले, दादरच्या पुलाचे जिने ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरायची. तोंडाला चव नाही, जुलाब, वजन उतरलेलं. लेनव्हॅटिनिबच्या त्या चाचणीत सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचं बीपी वाढलं आणि साधारण तितक्यांचाच डोस कमी करावा लागला. त्यामुळे 24 मिलिग्रॅमवरून डोस खाली आला की घाबरून जाऊ नका, ते नेहमीचंच आहे. गाठ श्वासनलिकेला किंवा अन्ननलिकेला चिकटलेली असेल तर मात्र आधीच स्पष्ट विचारा, कारण या गोळ्यांनी रक्तस्राव होण्याचा किंवा भोक पडण्याचा धोका असतो. दात काढायचा असेल, छोटं ऑपरेशन असेल, तरी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवावी लागते. जखम भरत नाही.

इंजेक्शनचं उलटं आहे. तीन आठवड्यांनी एकदा अर्ध्या तासाचं सलाइन, मधले दिवस अनेकांना जवळजवळ नेहमीसारखे जातात. पण त्रास झालाच तर तो प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटल्याचा असतो: आतड्याला, फुप्फुसाला, यकृताला सूज, आणि तीही कधी कधी औषध बंद केल्यावर काही महिन्यांनी. थायरॉइड बंद पडणं हा यातला नेहमीचा दुष्परिणाम, पण ज्यांची ग्रंथी आधीच काढली आहे त्यांचं त्यात नवं काही बिघडत नाही. नवा खोकला, धाप, सततचे जुलाब यांकडे दुर्लक्ष नको.

खर्चाबद्दल बोलताना मुंबईचं एक ऋण सांगायलाच हवं. मार्च 2012 मध्ये इथल्याच पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय औषध बनवायची मुभा, निघाला, तो सोराफेनिबसाठी. तेव्हा ते किडनी आणि लिव्हरच्या कॅन्सरचं औषध होतं. महिन्याचा 2 लाख 80 हजारांचा खर्च 8,880 रुपयांवर आला. इम्युनोथेरपीची छापील किंमत मात्र बरीच वर्षं लाखांत होती. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी निवोलुमॅब या पीडी-1 अडवणाऱ्याच इंजेक्शनचा फक्त 20 मिलिग्रॅमचा डोस डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये देऊन पाहिला, आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16 वरून 43 टक्क्यांवर गेलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण ते रुग्ण तोंड-घशाच्या कॅन्सरचे होते. थायरॉइड मानेत असला तरी त्याचा आजार वेगळा, तो निकाल इथे लावू नका.

इंजेक्शनकडे मी कधी झुकेन? अ‍ॅनाप्लास्टिक असेल तर. पीडी-1 अडवणाऱ्या स्पार्टालिझुमॅबच्या चाचणीत त्या 42 रुग्णांपैकी शंभरी 19 या प्रमाणात गाठी आटल्या, आणि ज्या आजारात महिने मोजावे लागतात तिथे हे थोडं नाही. तिथेही आधी बीआरएएफ हे जनुक तपासायचं, कारण तो बदल सापडला तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या औषधांची जोडी जास्त जणांना लागू पडते. गाठीत जनुकीय बदलांचा भार फार जास्त निघाला तरीही इंजेक्शनचा विचार होतो. लेनव्हॅटिनिब आणि पेम्ब्रोलिझुमॅब एकत्र देण्याला गर्भाशयाच्या आणि किडनीच्या कॅन्सरमध्ये मान्यता आहे. थायरॉइडमध्ये हा निर्णय ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या बैठकीत, किंवा चाचणीतच व्हावा.

आणि दोन्ही नको, असंही उत्तर असू शकतं. फुप्फुसातले बारीक ठिपके सहा महिन्यांत जागचे हलले नसतील, धाप नसेल, तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे. आत्याला आम्ही असं चौदा महिने ठेवलं होतं. घरच्यांनी मला बोल लावले. पण त्या चौदा महिन्यांत ती गणपतीला दोनदा सावंतवाडीला जाऊन आली, स्वतःच्या पायांनी.

निर्णयाआधी जीन रिपोर्ट मागा: बीआरएएफ, आरईटी, एनटीआरके. आरईटीचा बदल सापडला तर सेल्परकॅटिनिबसारखी नेमकी गोळी आहे आणि वरची सगळी तुलनाच बदलते. त्यासाठी ऑपरेशनच्या वेळचा मेणाचा ब्लॉक लागतो. तो तुमच्या लॅबमध्ये पडून असेल. अर्ज द्या, नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या, आणि उन्हात मेण वितळतं, म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.