घरी गाणं रेकॉर्ड करायला कंडेन्सर की डायनॅमिक? आधी डोक्यावरचा पंखा बघा

घरी गायन रेकॉर्ड करायला माइक घ्यायचाय, बजेट दहा-बारा हजार, आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं, कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा नाजूक माइक) घेऊ का डायनॅमिक (स्टेजवर हातात धरतात तसा दणकट माइक). नावानिशी बोलायचं तर ऑडिओ-टेक्निका एटी२०२० की शुअर एसएम५८. दोन्ही कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारे, दोन्ही एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या केबलचे, भावही आगेमागे तेवढाच. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा, तुमच्याकडे आहे किंवा घेणारच आहात असं धरून चालतो. यूएसबी माइक बाजूलाच ठेवतोय, एकट्याने बोलायला ठीक आहे तो, पण उद्या तबलावाला शेजारी येऊन बसला आणि दुसरा यूएसबी माइक जोडायची वेळ आली की डोक्याला ताप.

मी दोन्ही जातींचे माइक वापरलेत. आधी कंडेन्सर होता, कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही कारण त्यात कंपनीचा काही दोष नव्हता, आता डायनॅमिक आहे.

नुसत्या आवाजाचं विचाराल तर कंडेन्सर सरळ सरळ उजवा, यात वाद नको. हलक्या आवाजातली मुरकी, ओळ संपताना सुटणारा श्वास, तानपुऱ्याची जवारी हे सगळं त्यात जसंच्या तसं उतरतं. एसएम५८ची रेंज कंपनीच्याच कागदावर १५ हजार हर्ट्झला संपते, एटी२०२०ची २० हजारापर्यंत जाते, आणि हेडफोन लावून ऐकलं की वरचा मोकळेपणा कळतो. शिवाय ५८ हे १९६६ सालचं डिझाइन, अजून चाललंय म्हणजे चांगलंच असणार, पण भावगीताचा नाजूकपणा हवा असेल तर थोडं जाडंभरडं वाटू शकतं.

पण पंखा.

आपल्या नाशिकची हवा थंड असं पाहुणे म्हणतात, त्यांना एप्रिल-मेमध्ये दुपारी बोलवा. पारा चाळिशीला टेकलेला, खिडक्या बंद कारण बाहेर रिक्षा आणि भाजीवाल्याचा भोंगा, आणि कंडेन्सर लावलाय म्हणून पंखाही बंद. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरतोय आणि आपण अंतरा घेतोय. चांगला टेक आला की कळतं, सोसायटीची पाण्याची मोटर मधेच सुरू झाली होती. मी पाथर्डी फाट्याच्या बाजूला राहतो, आमच्याकडे देवळालीला तोफांचा सराव सुरू असला की लांबून धप्प धप्प येतं, आपल्या कानाला त्याची सवय झालेली असते, कंडेन्सरला नसते. हळूहळू असं झालं की मी फक्त रात्री सगळे झोपल्यावर गायला लागलो, आणि सगळे झोपले म्हटल्यावर तार सप्तकात जायची सोय नाही. म्हणजे माइक चांगला आणि गाणं दबकं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण दुकानदार आणि यूट्यूबवाले सरसकट सांगतात की डायनॅमिक बाहेरचा आवाज घेतच नाही. तसं काही नसतं. दोन्ही माइक एकाच अंतरावर ठेवले आणि गेन (इंटरफेसवरचं माइकचा आवाज वाढवायचं बटण) वाढवून गाण्याची पातळी सारखी केली तर पंखा दोन्हीत जवळपास तेवढाच येणार, वरच्या सुसकाऱ्यात काय तो थोडा फरक. खरी गंमत अंतराची आहे. कंडेन्सरपासून आपण वीतभर लांब उभे राहतो, ५८ला मात्र दोन-तीन बोटांवर तोंड आणून गाता येतं, आणि अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. वीसवरून पाच सेंटीमीटरवर आलात म्हणजे १२ डेसिबल झाले, पंखा आहे तिथेच राहिला. हा पुस्तकी हिशोब आहे, मी खोलीत मीटर लावून बसलो नाही, पण रेकॉर्डिंग ऐकताना फरक स्पष्ट कळतो.

मग कंडेन्सरच्याच जवळ जाऊन का गाऊ नये? गाता येतं की. पण आपल्या भाषेत भ, फ, ध, ख जागोजागी, एखादा अभंग घ्या, प्रत्येक ओळीत हवेचा झोत. ५८च्या जाळीत आत फोम असतो, तो बऱ्यापैकी सांभाळून घेतो. कंडेन्सरला पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा झोत अडवणारी जाळी, लावूनही इतक्या जवळून श्वास, ओठांची चकचक, सगळं ऐकू येतं, आणि ते नंतर साफ करायला बसणं हा वेगळाच उद्योग.

एक युक्ती. कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून बूम स्टँडवर, म्हणजे आडव्या दांड्याच्या स्टँडवर, ५८ वरून खाली तोंड करून लावायचा, शेपूट छताकडे, जाळी आपल्या तोंडाकडे. पंखा बरोबर त्याच्या पाठीमागे जातो. मी रेग्युलेटर दोनवर ठेवून गातो, गाण्याच्या मधल्या जागांमध्ये थोडी घरघर राहते पण हार्मोनियम किंवा ट्रॅक खाली आला की कुणाच्या लक्षात येत नाही. हेडफोन मात्र बंद कपांचे घ्या, नाहीतर तानपुरा ॲप बाहेर गळतं.

डायनॅमिकचे त्रासही आहेतच. इतक्या जवळून गायलं की खर्ज फुगतो, साधारण ८० ते १०० हर्ट्झला लो कट (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावला की ताळ्यावर येतो, तोफांची धपधपही त्यातच बरीचशी जाते. दुसरं, मान हलवून गायची सवय असेल, आणि शास्त्रीय शिकलेल्या बहुतेकांना असतेच, तर दोन बोटांवरून चार बोटांवर गेलात की आवाज लगेच पडतो. कंडेन्सर वीतभर लांबून हे लाड चालवून घेतो. तिसरं, ५८ला गेन भरपूर लागतो. संवेदनशीलतेत तो एटी२०२०पेक्षा १७-१८ डेसिबलने खाली आहे, म्हणजे इंटरफेसचं बटण पाऊण फिरवावं लागणार, आणि स्वस्तातल्या इंटरफेसमध्ये शेवटच्या पट्ट्यात सूंऽऽ सुरू होतं. मोकळ्या गळ्याने गाणाऱ्याला अडचण येत नाही. अगदी पुटपुटल्यासारखं गाणाऱ्याला मधे सिग्नल वाढवणारा छोटा बूस्टर लावावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा, मग बजेटचं गणित बिघडलं.

त्यामुळे तुमची खोली आतल्या बाजूला असेल, गंगापूर रोडच्या पलीकडे कुठे शांत बंगला असेल, आवाज हलका असेल किंवा सतार-बासरीही त्याच माइकवर घ्यायची असेल तर बिनधास्त कंडेन्सर घ्या, मी अडवणार नाही. फक्त पावसाळ्यात तो उघडा स्टँडवर ठेवू नका, दमट हवेत कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा आतला भाग, तडतडायला लागते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. रस्त्याकडचा फ्लॅट, घरात माणसं, गळा मोकळा आणि गाणं दिवसाच होणार असेल तर माझं मत ५८. आणि गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की दोन्ही माइक कपाटात, तिथे काही इलाज नाही.

पैसे अजून कमी असतील तर बेहरिंगरचा एक्सएम८५०० आहे, तोही डायनॅमिक, बराच स्वस्त, सुरुवातीला पुरेसा वाटतो. पण त्याच भावात कुणी नवा कोरा ५८ देतोय म्हणाला तर हात लावू नका, या माइकची नक्कल बाजारात भरपूर आहे, बाहेरून ओळखू येत नाही. जीएसटी बिल आणि वॉरंटी कार्ड असेल तरच घ्या. वाचलेले पैसे बूम स्टँडमध्ये घाला, तळ जड बघून, नाहीतर माइक वरून लटकवला की सगळं तुमच्या डोक्यावर येईल.