परभणीतली रविवारची शब्दांची बॅच: एका 'प्रिसाइड'मध्येच फी वसूल

दोन महिने झाले, दर रविवारी परभणीला एका रिटायर्ड सरांकडं इंग्रजी शब्दांच्या बॅचला जायलेय. आठ रविवारची सहाशे रुपये फी. याच्या आधी दुसऱ्या एका क्लासला याच्या कितीतरी पट पैसे भरले होते, तिथं काय मिळालं तर समानार्थी शब्दांची एक पीडीएफ आणि "पाठ करा" एवढंच, सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी गायब, आणि घरच्यांनी किती ओढाताण करून ते पैसे दिले होते हे आठवलं की अजून पोटात कालवतं. म्हणून ही बॅच मनापासून सांगावी वाटली.

तिसऱ्या रविवारचं सांगते. सरांनी फळ्यावर 'प्रिसाइड' लिहिलं आणि अर्थ विचारला. सगळ्यांनी एका सुरात "अध्यक्षपद भूषवणे". सर काही बोललेच नाहीत, कोपऱ्यातली लाल प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, आमच्याकडं तोंड करून पुढं ठेवली आणि एका पोरीला म्हणले, "बस बाई इथं. झालं, हेच प्रिसाइड." लॅटिनमध्ये 'प्राय' म्हणजे पुढं, 'सेडेरे' म्हणजे बसणं. पुढं बसून राखण करणं हा पण अर्थ होता, म्हणून लॅटिनमध्ये 'प्रेसिडियम' म्हणजे पहारा. 'प्रिसाइड' लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून सतराव्या शतकात इंग्रजीत. प्रेसिडेंट हा शब्द मात्र इंग्रजीत त्याच्या खूप आधीच आलेला.

खरी मजा पुढंच आहे. हे 'सेडेरे' आणि आपला संस्कृतातला 'सद्' धातू सख्खे भाऊ, इंग्रजीतलं 'सिट' पण त्याच घरचं. सरांनी 'सद्'भोवती खडूनं गोल काढला आणि बाण काढत गेले: संसद म्हणजे एकत्र बसणं, उपनिषद म्हणजे जवळ खाली बसणं, परिषद म्हणजे भोवती बसणं. मी पहिली ते सातवी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, सात वर्षं पाटीवर तो शब्द बघितला, आणि त्यात कोणी बसलेलं आहे हे पंचविसाव्या वर्षी कळलं! अध्यक्ष मात्र वेगळ्या घरचा, अधि आणि अक्ष, म्हणजे ज्याचा डोळा सगळ्यांवर आहे तो. सभागृह चालवणाऱ्याला आपण पीठासीन अधिकारी म्हणतो, तिथं परत बसणंच आलं.

स्पर्धा परीक्षेच्या कामाचं पण सर सोडत नाहीत. 'प्रिसाइडेड द मीटिंग' चूक, मधे 'ओव्हर' नाहीतर 'अॅट' लागतंच. आणि प्रिसाइड म्हणजे हुकूम सोडणं नाही, सभा चालवणं. मग लगेच राज्यघटनेचं कलम 100, लोकसभेचा अध्यक्ष आधी मत देत नाही, दोन्हीकडं समान मतं पडली तरच निर्णायक मत. पॉलिटी म्हणजे राज्यव्यवस्थेचा विषय वाचताना हे कलम कितीदा तरी निसटायचं, आता त्या लाल खुर्चीसकट डोक्यात बसलंय.

खटकलेलं पण सांगते. छापील नोट्स नाहीत, सगळं वहीत उतरवून घ्यावं लागतं आणि सरांचा हात लई भरभर चालतो. जिना अंधारा आहे. गाडी लावायला जागा नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, बॅच सकाळची करा म्हणून आम्ही विनंती केलीय.

माझी आई आमच्या गावची सरपंच आहे. ग्रामसभेचं अध्यक्षपद कायद्यानं सरपंचाकडं, पण तिची खुर्ची कायम टेबलाच्या कडेला, भिंतीला लागून ठेवलेली असायची आणि मधे दुसरंच कोणीतरी. त्या रविवारी रात्री भाकरी थापताना तिला हे सगळं सांगितलं. ती "पुढं बसणं व्हय" एवढंच म्हणली. पुढच्या ग्रामसभेला गेली आणि शिपायाला म्हणली, "दादा, माझी खुर्ची मधी घ्या, लोकांकडं तोंड करून." त्यानं घेतली.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापला तो नोट्ससाठी. पुढच्या महिन्यात नवीन बॅच आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी नक्की जा, आणि पहिल्या रांगेत बसा, मागं फॅनच्या आवाजात सरांचं ऐकू येत नाही.