सरांचं ऑफिस की फर्म: २२ महिन्यांची झेरॉक्सची वही

मी ज्युनिअर वकील. परवा आमच्या लॉ फर्मच्या अकाउंट्सकडून मेल आला. माझं ४८६ रुपयांचं झेरॉक्सचं बिल नामंजूर. कारण काय, तर दुकानाचा शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. अदालत रोडवर टपरीएवढ्या जागेत मशीन टाकून बसलेल्या माणसाला मी जीएसटी नंबर विचारला, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या घरचा सात-बारा मागितला. त्याच दिवशी ठरवलं, हे एकदा लिहून काढायचंच.

सनद (वकिलीचा परवाना), बार परीक्षा, कुठल्या कोर्टात काय चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मी मूळची अंबाजोगाईची. १४ महिने इथल्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरातल्या (औरंगाबाद) मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठातल्या एका सिनिअर वकिलांकडं (तेच 'सर') काढले, आता ८ महिने फर्ममध्ये आहे. फर्मचं मुख्य ऑफिस मुंबईत, इथं जालना रोडवर काचेचं दार. नावं दोन्हीकडची सांगणार नाही, वकिली मला याच गावात करायची आहे.

आधी पैसे. सरांकडं सुरुवातीला ६,०००, दिवाळीनंतर ८,०००. पाकिटात, रोख, महिन्याच्या ५ तारखेपासून २० तारखेपर्यंत कधीही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक आलं की ज्युनिअरला शहरात निदान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत. मी त्याची प्रिंट काढली (पदरचे दोन रुपये) आणि काही न बोलता सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचली. म्हणाले, "शिफारस आहे गं ही. आदेश असता तर आपणच आव्हान दिलं असतं." मग नेहमीची गोष्ट सुरू झाली. १९८१ ला खंडपीठ सुरू झालं, त्याआधी लातूर-नांदेडच्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागायची, त्यांच्या सिनिअरनी त्यांना दोन वर्षं चहाशिवाय काही दिलं नाही, वगैरे. ही गोष्ट मला पाठ आहे. पैशाचा विषय निघाला की ती निघतेच.

पण ८,००० चं मला एवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं झेरॉक्सचं. सरांकडं पद्धत अशी की झेरॉक्स, कोर्ट फीचं तिकीट, नकलेचे (कोर्टानं दिलेल्या शिक्क्याच्या प्रतीचे) पैसे, सगळं ज्युनिअरनं खिशातून घालायचं, वहीत लिहायचं, आणि सरांचा मूड बघून वही पुढं सरकवायची. महिन्याला हजार-अकराशे व्हायचे. म्हणजे आठातला एक हजार कायम सरांकडं फिरत असायचा, बिनव्याजी. वही पुढं केली की सर प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचे. "हे ४८ रुपये कशाचे? चोवीस पानं? कामून एवढी?" कामून म्हणजे काय, निकालच चोवीस पानांचा आहे! ऑफिस सोडलं त्या दिवशी १,३४० रुपये बाकी होते. ते आजही बाकी आहेत. या १,३४० साठी मी सरांबद्दल मैत्रिणींजवळ काय काय बोलले असेन, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

म्हणून फर्मची ऑफर आली तेव्हा फार विचार केला नाही. २२,००० महिना, १० टक्के टीडीएस कापून १९,८०० खात्यात, दर एक तारखेला सकाळी दहाच्या आत. टीडीएस रिटर्न भरलं की परत येतो, त्यामुळं मी तो भिशीसारखा धरते. लेखी पत्र, एसी, एससीसी ऑनलाइनचं (निकाल शोधायच्या साइटचं) लॉगिन, आणि ऑफिसातच प्रिंटर. पहिल्या आठवड्यात मी त्या प्रिंटरवर अख्खा कायदा छापून घेतला, केवळ फुकट आहे म्हणून. तेव्हा कुणी विचारलं असतं तर फर्मला पाचपैकी पाच तारे दिले असते.

इथून माझं मत बदलायला लागलं.

प्रिंटर ऑफिसात आहे, कोर्ट अदालत रोडला. कोर्टातले ऑफिसर म्हणतात, "या पानाची प्रत जोडा, आत्ता." अशा वेळी अ‍ॅक्टिव्हा काढून क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी असे सिग्नल मोजत परत यायचं का? खाली उतरून दुकानातच झेरॉक्स काढावी लागते. पहिल्या महिन्यात माझे ८६० झाले, मंजूर झाले २१०. "कच्चं बिल चालत नाही, अकाउंट्स मुंबईला आहे," असं उत्तर. पार्टनर सर भले आहेत, पण म्हणाले की सिस्टीमपुढं माझंही चालत नाही. सरांचं एक होतं, कुरकुर करून का होईना, द्यायचे. सिस्टीम कुरकुर करत नाही आणि देतही नाही. आठ महिन्यांची बेरीज काल रात्री केली: ३,९१५ रुपये अंगावर. १४ महिन्यांचे १,३४० कुठं आणि हे कुठं! सरांची मी मनातल्या मनात माफी मागितली. पूर्ण नाही, थोडी.

कामाचं मात्र प्रामाणिकपणे सांगते, फर्मला माप द्यावं लागेल. सरांकडं मी ड्राफ्ट केला की सर तो बाजूला ठेवायचे आणि स्टेनोला नवा सांगायचे. माझं काय चुकलं ते कधी कळलंच नाही. फर्ममध्ये पहिल्याच कैफियतीवर (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर) एवढी लाल शाई आली की मी बाथरूममध्ये जाऊन रडले. "वादीचं म्हणणं खोटं आहे" एवढं लिहून भागत नाही, दाव्यातल्या परिच्छेदागणिक कबूल काय आणि नाकबूल काय ते सांगावं लागतं, नाहीतर नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं. हे कॉलेजात वाचलं होतं, अंगात भिनलं ते त्या लाल शाईनं. बँकेच्या चेकच्या केसेस तर आता झोपेतही करेन: चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस थांबायचं, मग महिन्याच्या आत तक्रार. एक तारीख हुकली की उशीरमाफीचा अर्ज आणि पार्टनर सरांचा चेहरा, दोन्हीला तोंड द्यायचं. सरांकडं डायरी सरांच्या डोक्यात असायची. इथं ती लिहिलेली असते.

पण मग ती दुसरी गोष्ट. सरांकडं नववा महिना असेल. माजलगाव तालुक्यातले एक आजोबा, पाझर तलावात जमीन गेलेली, वाढीव मोबदल्याचं पहिलं अपील, उशीर ४१२ दिवस. आजोबा पहाटेच्या एसटीनं आलेले, कागद कापडी पिशवीत. सर दुसऱ्या कोर्टात अडकले. मला निरोप: "पासओव्हर माग." मी उठून पासओव्हर, म्हणजे प्रकरण थोड्या वेळानं पुकारावं, असं मागितलं. न्यायाधीश साहेब म्हणाले, "उशीरमाफीचाच अर्ज आहे ना, तुम्हीच सांगा." पाय कापायला लागले. सरकारी वकील उभे राहिले, की ४१२ दिवसांचा खुलासाच नाही. आणि मला त्या नकलेची मागची बाजू आठवली.

झालं होतं असं, की अपिलाला निकालाची जी झेरॉक्स जोडली होती त्यात शेवटच्या पानाची पाठच आली नव्हती. दुकानदारानं एकच बाजू मारली होती. मी मुळातच पानं मोजून पैसे देणारी, त्यामुळं हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि पाठीमागची झेरॉक्स वेगळी काढून पिशवीत ठेवली होती. दोन रुपये, वहीत नोंद आहे. त्या पाठीवर नक्कल विभागाचा शिक्का: अर्ज कधी, नक्कल तयार कधी, दिली कधी. नकलेला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो. मी शिक्का पुढं केला आणि म्हणाले की ४१ दिवस जातात, उशीर ३७१ दिवसांचा आहे, आजोबांचं वय अमुक, निकाल झाल्याचंच उशिरा कळलं. साहेबांनी शिक्का उजेडाकडं धरून बघितला. मग सरकारी वकिलांकडं बघितलं. विलंबाच्या काळाचं व्याज मिळणार नाही या अटीवर उशीर माफ. सात मिनिटं लागली असतील.

संध्याकाळी आदेश वेबसाइटवर चढला. त्यात माझं नाव, पुढं "होल्डिंग फॉर" (म्हणजे त्यांच्या वतीनं) आणि सरांचं नाव. मी बाबांना पाठवला. बाबांचा फोन आला, "तुझं नाव आधी आणि सरांचं नंतर, हे चुकून झालंय का?" सर काय म्हणाले? "पिशवीत होती तर अपिलाला कामून नाही जोडलीस?" बरोबरच होतं त्यांचं. पण त्या महिन्याची वही त्यांनी न बघता मिटवली, हे मी विसरले होते. आत्ता लिहिताना आठवलं.

फर्ममध्ये आठ महिन्यांत मी कोर्टात बोललेली वाक्यं मोजता येतील. "पुढची तारीख मिळावी." "आरोपी गैरहजर आहे, वॉरंट काढावं." "आमचे वकील हायकोर्टात आहेत." उलटतपास पार्टनर सर घेतात, खंडपीठातला मोठा विषय असेल तर मुंबईहून कुणीतरी विमानानं येतं. वकीलपत्रावर मात्र आमच्या सगळ्यांची नावं छापलेली. सरांकडं पहिले सहा महिने माझं नाव वकीलपत्रावर नव्हतं, तेव्हा मला राग यायचा. इथं आहे तर बँकेचा मॅनेजर रात्री साडेनऊला "मॅडम, आपल्या केसचं काय झालं?" म्हणून मलाच फोन करतो. त्या फोनचाही टाइमशीटमध्ये हिशोब, सहा-सहा मिनिटांच्या घरात.

मुंबईला का गेले नाही, हे सगळे विचारतात. तिथलं घरभाडं विचारा, उत्तर मिळेल. आणि कोटाचं राहिलं: खालच्या कोर्टात उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, नियमातच आहे. सर मे महिन्यात म्हणायचे, "काढ तो कोट, भाजून निघायलीस." फर्ममध्ये ब्रँडला शोभत नाही म्हणून घालावा लागतो. ४२ अंशांत. एक तारा तिथंच कापला.

तर सध्याचा हिशोब: फर्म अडीच तारे, सरांचं ऑफिस तीन. लिहायला बसले तेव्हा उलटं होतं. तुम्ही अजून कुठंच रुजू झाला नसाल तर मी म्हणेन, आधी फर्म करा, लाल शाई खा, मग सिनिअरकडं जा. मी नेमका उलटा रस्ता धरला. आणि रुजू होताना पगारासोबत एवढं तेवढं विचारा की झेरॉक्सचे पैसे कोण देतं आणि कशावर देतं. मुलाखतीत हे विचारायला लाज वाटते, मलाही वाटली होती.

रविवारी सरांना फोन केला होता, एका कलमाबद्दल विचारायला. कलम बाजूलाच राहिलं. म्हणाले, "ये की परत. जिंतूरचं एक अपील अंतिम सुनावणीला लागायलंय, तू वाच, तूच चालव." किती देणार, विचारलं. १२,०००. आणि झेरॉक्स? थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "जुनी वही आहे का तुझ्याकडं? ती घेऊन ये."

फर्मच्या पत्रात ६० दिवसांची नोटीस आहे, ती सोमवारी दिली. म्हणजे अजून दोन महिने बिलं टाकता येतील. अदालत रोडवर शिक्का मारून पक्कं बिल देणारं झेरॉक्सचं दुकान कुणाला माहीत असेल तर सांगा. ३,९१५ मधले निदान ते ४८६ तरी काढायचेत.